खराब सालाची वाईन विकत घ्यावी का?

मेहरूणकाठ (जळगाव):
मंडळी, एक प्रश्न आहे. भाचा फ्रान्समध्ये शिकायला आहे, दिवाळीला घरी येतोय. येताना तिथल्या बोर्डो भागाची रेड आण म्हटलं, तर त्याने तिथल्या दुकानातल्या यादीचा फोटो पाठवला. एकाच शातोची (म्हणजे बाग असलेल्या तिथल्या वाइनरीची) २०१३ची बाटली आहे आणि २०१६ची पण आहे. किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक! शोधाशोध केली तर सगळीकडे हेच लिहिलंय की बोर्डोच्या रेडसाठी २०१३ फार दुबळं साल आणि २०१६ फार मोठं.

माझं मत असं, की बाग तीच, माती तीच, वाईन करणारे हातही तेच. मग केवळ साल दुबळं पडलं म्हणून निम्म्या भावात मिळत असेल तर का सोडावी? पण नुसत्या तर्कावर पैसे घालायचे नाहीत. ज्यांनी अशा सालाची वाईन चाखली आहे किंवा ज्यांना द्राक्षातलं कळतं, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

भुसावळ_जंक्शन:
दादा, साल राहू द्या बाजूला. आपल्याकडच्या मे महिन्यात ती बाटली ठेवणार कुठे, ते आधी सांगा.

लळिंग (धुळे):
बाग तीच, माती तीच हे खरं, पण त्या वर्षी हवा तशी नव्हती. २०१३ला बोर्डोत वसंत थंड आणि ओला गेला. जूनमध्ये वेली फुलोऱ्यात असताना पावसाने झोडपलं. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे फळधारणा नीट होत नाही, घड विरळ राहतो आणि एकाच घडात काही मणी पिकलेले, काही हिरवे राहतात. मेर्लो जातीच्या द्राक्षाला याचा फटका जास्त बसला. पुढे तोडणीच्या तोंडावर दमट हवा आणि परत पाऊस, कूज पसरायला लागली. त्यामुळे पुष्कळांना द्राक्षं पूर्ण पिकायची वाट न पाहता तोडावी लागली.

याचा परिणाम पेल्यात कसा दिसतो? रंग फिका, आंबटपणा पुढे, चव जिभेवर टिकत नाही. कॅबर्ने हे तिथलं दुसरं काळं द्राक्ष कच्चं राहिलं की ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो. तो पायराझीन नावाच्या द्रव्यांचा असतो, द्राक्ष पिकत जातं तसा तो कमी होतो. थंड सालात तो पुरता जात नाही.

पण एक लक्षात ठेवा. त्याच २०१३मध्ये बोर्डोची कोरडी व्हाईट चांगली झाली आणि सोटेर्नची गोड वाईन तर उत्तम. सोटेर्नला कूज हवीच असते, तीच बोट्रायटिस तिथे मण्यातलं पाणी घटवते आणि साखर एकवटते. ज्या ओलीने रेडचं साल बुडवलं तिनेच शेजारच्या गावाला साथ दिली. भाच्याला सांगा, २०१३च घ्यायचं तर सोटेर्न बघ.

गिरणामाई (चाळीसगाव):
लळिंगभाऊंना पूर्ण अनुमोदन. साल हे अख्ख्या जगाचं नसतं, एका भागाचं आणि तिथल्या एका प्रकारच्या वाईनचं असतं. २०१३ बोर्डोच्या रेडला वाईट, पण इटलीत बारोलो या रेडला आणि कॅलिफोर्नियात नापाला ते फार चांगलं गेलं. २००२ बारोलोला गारपीट आणि पावसाचं. त्याच वर्षी शॅम्पेनमध्ये सुरेख पीक. सगळ्यांत मोठं उदाहरण १९६३चं. बोर्डोत ते साल पार वाया गेलं होतं आणि पोर्टसाठी (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) तेच साल आजही दंतकथेसारखं सांगतात.

मोबाईलवर सालांचे तक्ते फिरतात, एका चौकोनात एक आकडा. तेवढ्यावर बाटली घेऊ नये आणि टाकूही नये.

सातपुड्याच्या_पायथ्याला (शहादा):
आमच्याकडे कुणी साल बघतच नाही. दुकानात जायचं, "गोड आहे का कोरडी" विचारायचं, संपलं 😄

कान्हदेशी (सध्या पुणे):
मी वेगळं मत मांडतो. खराब सालाच्या बाजूने नेहमी दोन-चार दिव्य उदाहरणं दिली जातात. २००२च्या बारोलोचं म्हणाल तर जाकोमो कोंतेर्नो या घराचं मॉनफोर्तिनो हे खास बारोलो लोक दाखवतात. त्या सालात त्यांनी नेहमीचं बारोलो काढलंच नाही, निवडलेली सगळी द्राक्षं मॉनफोर्तिनोत घातली आणि ती वाईन अप्रतिम निघाली. मान्य. पण तिची किंमत बघितली आहे का? ती आपल्यासाठी नाही.

आपण घेतो ती साधी बाटली, छोट्या शातोची किंवा सहकारी सोसायटीची. आणि खराब सालात सगळ्यात आधी हीच मार खाते. कारण साल सावरायचं म्हणजे वाईट घड बागेतच टाकायचे, टेबलावर एकेक मणी निवडायचा, जमलं नाही ते पिंप दुसऱ्या, स्वस्त वाईनमध्ये ढकलायचं. यातल्या प्रत्येक पायरीला पैसा लागतो. ज्याची बाटली स्वस्त विकली जाते त्याला निम्मं पीक फेकून देणं परवडत नाही. तो कच्चं-पक्कं एकत्र करतो, साखर घालून अल्कोहोल वर आणतो (फ्रान्समध्ये थंड भागात याला कायद्याने मुभा आहे) आणि विकतो.

म्हणून माझा नियम: खराब सालात मोठ्या घरची घ्या, चांगल्या सालात लहान घरची. २०१६मध्ये बोर्डोतल्या साध्या शातोंनीसुद्धा मनापासून आवडावी अशी वाईन केली. मेहरूणकाठ, तुमच्या यादीत २०१३च्या बाटलीच्या किमतीत दुसऱ्या कुठल्या लहान शातोची २०१६ आहे का ते बघा. तुलना २०१३ आणि २०१६ अशी नको, तेवढ्याच पैशांत काय काय मिळतं अशी करा.

मेहरूणकाठ:
कान्हदेशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याला पूर्ण यादी पाठवायला सांगतो.

मोसमखोरं (बागलाण):
खान्देशाच्या वेशीवरून लिहितो. आमच्याकडे वाईनच्या द्राक्षाची बाग आहे, कंपनीशी करार आहे. २००१ला राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, त्यानंतर आमच्या जिल्ह्यात बरीच लागवड झाली, त्यातलीच ही.

वर फ्रान्सचं वाचलं, आता इथलं सांगतो, कारण आपण बहुतेक जण नाशिकचीच वाईन पितो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे युरोपात जूनच्या पावसाची जी भीती, ती आम्हाला ऑक्टोबर-नोव्हेंबरची. गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडतो आणि नेमका तेव्हाच अवकाळी आला की डाऊनी (केवडा रोग) घडात शिरतो, गळकूज होते. रात्रंदिवस फवारणी करूनही घड हातचा जातो. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हा हेच झालं. फेब्रुवारी-मार्च २०१४च्या गारपिटीने तर तयार माल वेलीवर फोडला. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस परत गारा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, त्या गारा तुमच्याही रब्बीवर, केळीवर पडल्या आहेत.

आता मुद्द्याचं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, लांब हवा, त्यासाठी संजीवकांत (वाढीच्या द्रव्यात) घड बुडवतात. वाईनच्या द्राक्षाला मणी लहानच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. तोडणीआधी पाऊस झाला की मणी पाणी पितो, फुगतो, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) खाली येतं. कंपनीचा माणूस शेतात येतो, मण्याचा रस यंत्राच्या काचेवर टाकतो आणि आकडा कमी दिसला की भाव कापतो किंवा थांबा म्हणतो. थांबलो आणि परत पाऊस आला, तर सगळंच गेलं. एका सालात आमचा माल असाच अडला होता. कराराचा कागद हातात होता आणि घड वेलीवर सडत होते. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

म्हणून मला या प्रश्नाचं उत्तर मनापासून द्यावंसं वाटतं. खराब साल म्हणजे बागेत कमी काम झालेलं साल नव्हे. सगळ्यात जास्त काम त्याच सालात होतं. जो वाइनरीवाला त्या वर्षी निवडून माल घेतो, रेड जमणार नाही म्हटल्यावर त्याच काळ्या द्राक्षाची रोझे (गुलाबी वाईन) करतो आणि नीट सांगून विकतो, त्याची बाटली जरूर घ्या.

लळिंग:
मोसमखोरं जिभाऊ, फार छान लिहिलंत. काळ्या द्राक्षाची रोझे हा मुद्दा पटला. रोझेला द्राक्षाची साल थोडाच वेळ रसात राहते, त्यामुळे सालीतला कच्चेपणा उतरत नाही, आणि थंड सालातला आंबटपणा रोझेत उलट हवाच असतो.

तापीकाठचे_आबा (चोपडा):
मी माळकरी माणूस, वाईनला कधी हात लावला नाही. पण धागा पहिल्यापासून वाचतोय, कारण ही शेतीची गोष्ट आहे. आमच्या कापसाचंही असंच. ऑक्टोबरात पाऊस लागला की पहिल्या वेचणीची बोंडं भिजतात, कवडी होते, व्यापारी वर्षभर म्हणत राहतो "यंदाचा कापूस खराब". पण मग थंडी पडते, ऊन निघतं, दुसऱ्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र येतो. ज्याने दोन्ही वेचण्या वेगळ्या ठेवल्या त्याला भाव मिळतो, ज्याने एकाच गंजीत टाकल्या त्याचा सगळा माल कवडीच्या भावात जातो. द्राक्षवाल्यांनी पण वेगळं ठेवलं की नाही, हे विचारायला हवं.

कान्हदेशी:
आबा, अगदी नेमकं. मोठ्या शातोंमध्ये हेच चालतं. बागेच्या प्रत्येक तुकड्याचं पिंप वेगळं ठेवतात, चाखतात आणि उत्तम तेवढंच पहिल्या नावाखाली बाटलीत भरतात. बाकीचं "दुसरी वाईन" म्हणून वेगळ्या लेबलने स्वस्त विकतात. काही जण तर सालच सोडून देतात. शातो दीकेमने २०१२ची वाईन काढलीच नाही, १९९२चीही नाही. सोटेर्नमधलं सगळ्यांत मोठं नाव, पण ते साल त्यांच्या लेबलवर कधीच येणार नाही. पोर्टवालेही "व्हिंटेज" (एकाच सालाची खास वाईन) ठरावीक चांगल्या सालांतच जाहीर करतात. दहा वर्षांत साधारण तीनदा.

गिरणामाई:
आणि शॅम्पेनवाले बहुतेक बाटल्यांवर साल घालतच नाहीत. मागच्या वर्षांची वाईन राखून ठेवायची आणि नव्यात मिसळायची. एवढ्या उत्तरेला द्राक्ष दरवर्षी पिकेलच असं नाही, त्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेला हा उपाय. खराब सालाचा सगळ्यांत सुंदर वापर मला तोच वाटतो.

अमळनेरकर:
सुपरमार्केटात वाईन विकायला मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२मध्ये मंजुरी दिली होती, त्याचं पुढे काय झालं? शेतकऱ्याचा फायदा होणार म्हणत होते.

संपादक_मंडळ:
अमळनेरकर, त्यावर वेगळा धागा काढा. इथे वाईनच्या सालाबद्दल बोलू या.

भुसावळ_जंक्शन:
मी परत माझ्या मुद्द्यावर येतो, कारण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वाईन साधारण १२ ते १४ अंशांत ठेवावी म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात किती होत असेल विचार करा. महिनाभर अशा उकाड्यात राहिलेली २०१६ आणि नीट थंडाव्यात राहिलेली २०१३ समोर ठेवली, तर मी डोळे झाकून २०१३ उचलेन. शिजलेल्या वाईनला शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो, ताजेपणा शिल्लक राहत नाही. सालाचा दोष निदान बाटलीच्या आतला असतो, उकाड्याचा दोष आपण बाहेरून घालतो.

दुकानात बघायचं कसं? बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलंय का, वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का, वाईनची पातळी मानेत खाली गेली आहे का. यातलं एकही दिसलं तर घेऊ नका. आणि काउंटरवर उन्हात मांडलेली शोभेची बाटली तर कधीच नाही. आतून काढून द्या म्हणा.

पांझरा (धुळे):
भुसावळकरांशी शंभर टक्के सहमत, आणि एक भर घालते. आपल्या लहान गावांच्या दुकानात खराब सालापेक्षा जुन्या सालाचा धोका मोठा. नाशिकची शनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ तोडणीपासून दोनेक वर्षांत पिऊन टाकायची असते. दुकानदार मात्र तीन-चार वर्षांपूर्वीची बाटली पुढे करतो आणि वर सांगतो, "ताई, वाईन जितकी जुनी तितकी चांगली." बहुसंख्य वाईनला हे लागू नाही. इथल्या व्हाईटचं साल मी एवढ्यासाठीच बघते, ताजी आहे ना.

सातपुड्याच्या_पायथ्याला:
म्हणजे साल बघायचंच तर! ताई, आजपासून बघणार.

केळीबाग (रावेर):
मला वाटतं आपण काय खाणार ते कुणी बोललंच नाही. आमच्या घरी पाहुणे आले की शेवभाजी, नाही तर हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. काळा मसाला आणि हिरवी मिरची. अशा जेवणाबरोबर मोठ्या सालाची, साडेचौदा टक्के अल्कोहोलची, तुरट रेड घ्या आणि बघा. अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं, तुरटपणा तोंड कोरडं करतो. उष्ण सालात द्राक्षात साखर जास्त भरते आणि तिचंच अल्कोहोल होतं. थंड सालातली साडेबारा टक्क्यांची हलकी रेड, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून काढलेली, तीच शेवभाजीबरोबर छान लागते. ज्या हलकेपणाला तिकडे दोष म्हणतात तोच मला इथे हवा असतो.

लळिंग:
केळीबाग ताई, हे फार महत्त्वाचं आहे. उष्ण सालालाही दोष असतो हे विसरलं जातं. २००३ला युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हाच्या बोर्डोवर जाणकारांचं आजही एकमत नाही. काहींना ती भरदार वाटते, काहींना भाजलेली आणि आंबटपणा हरवलेली.

पांझरा:
भरताबरोबर मी शनँ ब्लाँच देईन. वांग्याच्या भाजल्या वासाला ती उभी राहते. ठेचा मात्र ताटात बेताने.

कान्हदेशी:
केळीबाग ताईंचं म्हणणं मला पटलं, पण अर्धंच. हलकी आणि पातळ यांत फरक आहे. चांगल्या हाताने केलेली थंड सालाची रेड हलकी होते, निष्काळजी हाताने केलेली पाणचट होते आणि वर हिरवा वास देते. तो हिरवा वास काळ्या मसाल्यातही लपत नाही. शिवाय एक व्यवहाराची अडचण. प्रौढ प्रवाशाला करमुक्त दोन लिटरच आणता येतं. म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या, तिसरी बसत नाही. सामानात दोनच जागा असताना त्यातली एक शंकेच्या बाटलीला द्यायची का?

गिरणामाई:
कान्हदेशी, तुमच्या दोन लिटरच्या हिशेबालाच दुसरी बाजू आहे. भाच्याने आणायची असेल तर मीही म्हणेन चांगलं साल आण. पण इथल्या दुकानात आयात बाटली घ्यायची असेल तर गणित उलटं होतं. आयात वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, आणि ते किमतीवर टक्क्याने लागतं. तिकडे दोन सालांत दहा युरोचा फरक असेल तर इथे येईपर्यंत तो पंचवीस युरोचा होतो, वर इतर कर आणि दुकानदाराचा नफा. म्हणजे भरवशाच्या घराच्या दुबळ्या सालात इथे वाचणारे पैसे तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त.

कान्हदेशी:
हे मान्य. फक्त "भरवशाच्या घराच्या" या शब्दांखाली रेघ मारा.

मेहरूणकाठ:
मंडळी, भाच्याची पूर्ण यादी आली. २०१३ची ती बाटली एका नावाजलेल्या शातोची आहे, निवड कडक करणाऱ्यांपैकी. आणि कान्हदेशी म्हणाले तसं, जवळजवळ त्याच किमतीत एका लहान शातोची २०१६ पण आहे. शिवाय सोटेर्नच्या २०१३ची अर्धी बाटली आहे, ३७५ मिलीची! पाऊण, पाऊण आणि अर्धी मिळून १ लिटर ८७५ मिली, दोन लिटरच्या आत. तिन्ही मागवतोय. पण एक विचारायचं राहिलं. २०१३ची रेड आणल्यावर दोन-तीन वर्षं ठेवून दिली तर सुधारेल का?

लळिंग:
ठेवू नका. दुबळ्या सालाची रेड लवकर तयार होते आणि लवकर उतरते. टिकायला लागणारा गर आणि पिकलेला तुरटपणा तिच्यात कमी असतो. नावाजलेलं घर आहे म्हणून आजवर नीट राहिली असेल, पण इथला एक उन्हाळा तिच्यावर काढू नका. दिवाळीतच उघडा. २०१६ लहान शातोची असली तरी तिला घाई नाही. सोटेर्न तर थंडाव्यात असेल तर कितीतरी वर्षं चालते.

भुसावळ_जंक्शन:
थंडावा म्हणजे स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या दारात नाही हं, तिथे सारखं उघड-मिट होतं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे, आडवी. उन्हाळ्याचे चार महिने तरी तिथेच.

केळीबाग:
सोटेर्न मांड्यांबरोबर देऊन बघा दादा. पुरणाची गोडी आणि तिचा आंबटपणा जमेल असं वाटतं. जमलं तर इथे लिहा.

अमळनेरकर:
मोसमखोरं जिभाऊ, एक विचारू? दिवाळीच्या सुमारास यंदा तुमच्याकडे पाऊस झाला, तर त्याची वाईन आम्ही ओळखायची कशी? लेबलवर तर फक्त साल असतं.

मोसमखोरं:
दादा, लेबलवर तोडणीचं साल असतं आणि आपल्याकडे तोडणी नव्या वर्षात होते. म्हणून दिवाळीच्या पावसाचा परिणाम पुढच्या सालाच्या बाटलीत येतो. नोव्हेंबर २०२३च्या गारांचा माल २०२४च्या सालात शोधायचा, २०२३च्या नाही. आणि गारा पडतात त्या एका पट्ट्यात. आमच्या गावात झोडपलं आणि दहा कोसांवर पान हललं नाही, असंही होतं. त्यामुळे वाइनरी बघायला गेलात तर तिथल्या माणसाला सरळ विचारा, यंदा माल कुठल्या गावचा, तोडणी कधी झाली, ब्रिक्स किती लागलं. ज्याने नीट काम केलंय तो आनंदाने सांगतो. फेब्रुवारीत या, आमच्या बागेत तोडणी चालू असते. पहाटे गारव्यात यावं लागेल, उन्हं चढली की आम्ही तोडत नाही.